मासळी सुटली, आता प्रथिने कुठून? नव्याने शाकाहारी होणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

माझे माहेर मालवणजवळच्या एका गावातले. आमच्या घरी सोमवार, गुरुवार आणि एकादशी सोडल्यास रोजच्या जेवणात मासळी असे. श्रावणात ती बंद होई आणि गणपतीचे विसर्जन झाले की पुन्हा सुरू होई. चार वर्षांपूर्वी पुण्यात राहत असताना श्रावण आणि गणपती दोन्ही संपले, पण मी मासळी पुन्हा सुरू केली नाही. तो निर्णय मनापासूनचा होता आणि आजही कायम आहे. मात्र पहिले पाच महिने मी तो फार चुकीच्या रीतीने निभावला. सकाळी अकराच्या सुमारास कडकडून भूक लागे, संध्याकाळी बिस्किटांचा पुडा संपे, जिना चढताना पाय भरून येत आणि केस मूठभर गळत. अखेर डॉक्टरांनी रक्ततपासणी करायला लावली आणि एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: “ताटातून मासळी गेली, तिच्या जागी काय आले?” विचार केल्यावर माझ्या लक्षात आले की तिच्या जागी एक जास्तीची पोळी आणि थोडा जास्त भात आला होता.

शाकाहारात प्रथिने मिळत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. वरण-भात-भाजी-पोळी खाल्ली की सगळे आपोआप मिळते, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. मासळीची जागा जाणीवपूर्वक भरावी लागते, आणि ती कशाने व किती भरायची हे मोजून ठरवावे लागते. ते मोजायचे कसे आणि कुठे फसगत होते, हे मला जसे समजत गेले तसे पुढे क्रमाने लिहिले आहे.

सुरुवातीला लागणाऱ्या वस्तू

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा, तुमच्या घरातली नेहमीची एक वाटी, एक वही, प्रेशर कुकर, मोड आणण्यासाठी पातळ सुती कापड, आणि मागच्या सहा महिन्यांतला रक्ततपासणीचा अहवाल. अहवालात हिमोग्लोबिन, जीवनसत्त्व ब-१२, जीवनसत्त्व ड आणि क्रिएटिनिन एवढ्या नोंदी असाव्यात. अहवाल नसेल, तर आहार बदलण्याआधीच तपासणी करून घ्यावी, म्हणजे पुढे एखादा आकडा कमी आल्यास तो आधीपासून कमी होता की नंतर घसरला, हे डॉक्टरांना कळते. मी तशी तपासणी केली नव्हती, आणि माझे ब-१२ नेमके केव्हापासून कमी होते हे त्यामुळे आजही सांगता येत नाही.

१. तुमचा शाकाहार कोणता, हे आधी ठरवा

दूध, दही, ताक, पनीर चालणार आहे का? अंडी चालणार आहेत का? या दोन प्रश्नांची उत्तरे पहिल्याच दिवशी द्यावीत, कारण पुढचा सगळा हिशोब त्यांवर उभा आहे. आपल्याकडे बहुतेक शाकाहारी घरांत दूधदुभते चालते आणि अंडी चालत नाहीत; माझ्या घरीही तसेच आहे, म्हणून पुढची उदाहरणे त्याप्रमाणे दिली आहेत. अंडी चालत असतील तर एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि काम बरेच सोपे होते. दूधदुभतेही सोडणार असाल, तर कडधान्ये, सोयाबीन आणि शेंगदाणे यांचे प्रमाण येथे सांगितले आहे त्याहून वाढवावे लागेल आणि ब-१२ ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्यापासूनच घ्यावी लागेल.

२. रोजची गरज काढा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जी शिफारस केली, ती प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने अशी आहे. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला ती सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम होते. मात्र हा आकडा उत्तम दर्जाची प्रथिने गृहीत धरून काढलेला आहे. मुख्यतः धान्य आणि डाळींवर जगणाऱ्यांनी दर किलोमागे १ ग्रॅम हे प्रमाण धरावे, कारण वनस्पतींमधली प्रथिने पचण्यात आणि शरीराच्या उपयोगी पडण्यात थोडी मागे राहतात. हिशोबालाही ते सोपे: ५८ किलो वजन, तर ५८ ग्रॅम प्रथिने. वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त असेल, तर प्रत्यक्ष वजन न धरता उंचीला योग्य असलेले वजन धरावे.

गरोदरपणात ही गरज वाढते. त्याच शिफारशीनुसार दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने नेहमीपेक्षा जास्त लागतात. स्तनपानाच्या काळातही गरज वाढलेलीच असते. अशा वेळी केवळ लेख वाचून आहार बदलू नये. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलावा.

३. चार दिवस जे खाता ते जसेच्या तसे लिहा

सुधारणा करण्याआधी चार दिवस काहीही न बदलता नोंद ठेवावी, आणि त्यात एक दिवस रविवारचा असावा. नोंद करताना पदार्थाचे नाव पुरेसे नाही, त्यात गेलेल्या जिन्नसांचे कच्चे वजन लिहावे. माझ्या वहीतला त्या काळातला एक दिवस असा होता. सकाळी ५० ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे आणि त्यात चिमूटभर शेंगदाणे, मिळून ६ ग्रॅम प्रथिने. दिवसभरात दोन वेळच्या चहातले दूध, ३ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, फ्लॉवरची भाजी, वरण आणि भात, मिळून १७ ग्रॅम. संध्याकाळी बिस्किटे, २ ग्रॅम. रात्री दोन पोळ्या, भाजी आणि भात, मिळून १२ ग्रॅम. एकूण ४० ग्रॅम. माझी गरज ५८ ग्रॅमची होती.

जी १८ ग्रॅमची तूट दिसते आहे, ती जवळजवळ एका वेळच्या मासळीएवढीच आहे, कारण १०० ग्रॅम बांगड्यात किंवा सुरमईत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. मी तेवढाच घास ताटातून काढला होता आणि त्याच्या जागी फक्त थोडी पोळी आणि भात वाढवला होता. तुमच्या वहीतही बहुधा हेच दिसेल. तूट एकदा आकड्यात दिसली की घाबरण्याचे कारण उरत नाही. रोजच्या जेवणात १८ ते २० ग्रॅम कुठे बसवायचे, एवढाच प्रश्न राहतो.

४. डाळीचे मोजमाप शिजवण्याआधी करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवावी. “मी रोज वाटीभर वरण खाते” हे वाक्य प्रथिनांच्या हिशोबात काहीही सांगत नाही, कारण त्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती हे घराघरांत वेगळे असते. आमच्या घरी चौघांच्या वरणाला अर्धी वाटी तूरडाळ लागे. काट्यावर ठेवल्यावर ती ६० ग्रॅम भरली, म्हणजे माणशी १५ ग्रॅम डाळ आणि जेमतेम ३ ग्रॅम प्रथिने. ज्या वाटीवर माझी सगळी भिस्त होती, तिच्यातून मला एका पोळीएवढीच प्रथिने मिळत होती. आपले वरण भात कालवण्यासाठी म्हणून पातळ केले जाते. मासळीच्या घरात तर ते आणखीच पातळ असते, कारण तिथे पोट भरण्याचे काम दुसऱ्या पदार्थाकडे असते.

उपाय साधा आहे. तितक्याच पाण्यात दुप्पट डाळ घालावी, माणशी ३० ग्रॅम. एका माणसाची कोरडी मूठ साधारण तेवढीच भरते. तुमची मूठ एकदा काट्यावर तपासून घ्या आणि मग काटा बाजूला ठेवा. माझा काटा तीन आठवड्यांनंतर कपाटात गेला, आता मूठच पुरते.

कोरड्या ३० ग्रॅममधून साधारण किती प्रथिने मिळतात, ते असे:

तूर, मूग, मसूर, उडीद आणि हरभरा यांच्या डाळी: साडेसहा ते सात ग्रॅम.
मटकी, चवळी, कुळीथ, राजमा, वाळलेले वाटाणे: सहा ते साडेसहा ग्रॅम.
शेंगदाणे: ७ ग्रॅम.
अख्खे सोयाबीन: ११ ग्रॅम.
सोयाच्या वड्या: १५ ग्रॅम.

याखेरीज ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून ५ ग्रॅम, ३० ग्रॅम कणकेच्या पोळीतून ३ ग्रॅम, ५० ग्रॅम तांदळाच्या भातातून ४ ग्रॅम, पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून साडेसहा ते सात ग्रॅम, वाटीभर दह्यातून साडेचार ते पाच ग्रॅम आणि ५० ग्रॅम पनीरमधून ९ ते १० ग्रॅम प्रथिने मिळतात. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी.

याच ठिकाणी एक चूक हटकून होते. मटकीत १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिने, असे वाचून माणूस मोड आलेली १०० ग्रॅम मटकी मोजतो. मोड आलेल्या मटकीत निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते, त्यामुळे तेवढ्या मटकीतून प्रत्यक्षात ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शिजवलेल्या राजम्याचे आणि छोल्यांचेही तसेच आहे. म्हणून वजन भिजत घालण्याआधीच करावे.

५. मासळीच्या जागी काय ठेवायचे

मासळी खाणाऱ्या माणसाच्या मनात जेवणाचा एक मुख्य पदार्थ असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती असतात. शाकाहारात तो मान आपण सवयीने भाजीला देतो, आणि घोटाळा तिथेच होतो, कारण दुधी, वांगी, फ्लॉवर, भेंडी यांच्या वाटीभर भाजीतून २ ग्रॅम प्रथिने मिळाली तरी पुष्कळ झाली. मुख्य पदार्थाचा मान उसळीला, घट्ट आमटीला किंवा पिठल्याला द्यावा, आणि भाजी सोबतीला असावी. हा बदल मनात पक्का झाला की अर्धे काम होते.

माझ्यासारख्या किनारपट्टीवरच्या माणसांना मासळीच्या चवीची आठवण येत राहते, आणि त्यासाठी आपल्याच स्वयंपाकघरात पुष्कळ काही आहे. काळ्या वाटाण्यांचे सांबारे हा मालवणी पदार्थ आंबोळीबरोबर किंवा वड्यांबरोबर खाल्ला जातो. ओल्या खोबऱ्याचे भाजलेले वाटप आणि गरम मसाला यांमुळे त्याला जी खोली येते, ती मला मासळीची उणीव भासू देत नाही. गोव्यातले अळसांद्यांचे तोणाक, म्हणजे चवळीच्याच जातीच्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार उसळ, पावाबरोबर खाल्ली तर पोटभर जेवण होते. माशाच्या आमटीचा गंध ज्या तिरफळांनी येतो, ती खतखत्यातही पडतात. त्याच खतखत्यात मूठभर भिजवलेली चवळी किंवा तूरडाळ घातली की नुसत्या भाज्यांच्या त्या पदार्थाला प्रथिनांचेही बळ येते. वालाचे बिरडे मोड आणून सोलण्यात वेळ खाते खरे, पण रविवारी घरातली दोन-तीन माणसे सोलायला बसली की ते अर्ध्या तासाचे काम आहे.

घाटावरच्या स्वयंपाकाकडूनही मी बरेच शिकले. माणशी ४० ग्रॅम बेसनाचा कोरडा झुणका केला तर आठ-नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात, तीही दहा मिनिटांत. पाटवड्यांची आमटी, गोळ्यांची आमटी, खानदेशातले वाफवलेल्या डाळीचे फुणके, डाळ घालून केलेली पालकाची पातळ भाजी, चैत्रातली आंबेडाळ, हे सगळे पदार्थ त्याच कामाचे आहेत. कुळथाची पिठी मात्र जपून मोजावी. कोकणातला तो जिव्हाळ्याचा पदार्थ आहे, पण ती पातळ असते आणि माणशी २० ग्रॅमच पीठ पडते. तेव्हा ती असेल त्या दिवशी सोबत वाटीभर दही किंवा एखादी उसळ घ्यावी.

चवीने मासळीची किंवा मटणाची आठवण करून देणारे काही पदार्थ प्रथिनांच्या बाबतीत रिकामे असतात. कच्च्या फणसाची भाजी, सुरणाचे रव्यात घोळून तळलेले काप आणि मशरूम हे तिन्ही मला अतिशय आवडतात, पण १०० ग्रॅम ताज्या मशरूममध्ये ४ ग्रॅमहून कमी, तर फणसात आणि सुरणात त्याहूनही कमी प्रथिने असतात. ते आवडीने खावेत, फक्त मासळीची जागा त्यांनी भरली असे समजू नये.

६. धान्य आणि डाळ दोन्ही दिवसभरात येऊ द्या

प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात, आणि त्यांतली नऊ आम्ले आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी या धान्यांत लायसिन हे आम्ल कमी पडते, तर डाळींत आणि कडधान्यांत मेथिओनिन कमी पडते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. म्हणून वरण-भात, खिचडी, उसळ-भाकरी, इडली आणि भाजणीचे थालीपीठ या जोड्या पोषणाच्या दृष्टीनेही योग्य आहेत. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे कच्च्या वजनाचे प्रमाण चांगले मानले जाते. तुमच्या वहीत ते बहुधा आठास एक किंवा त्याहूनही विषम निघेल. दोन्ही एकाच घासात आलेच पाहिजे, असा मात्र आग्रह धरू नये. दुपारी भाकरी आणि रात्री आमटी असे झाले तरी चालते.

राजगिऱ्यात लायसिन चांगले असते, त्यामुळे उपवासाच्या दिवशी तो फार उपयोगी पडतो. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. साबुदाण्याच्या खिचडीतून जे काही मिळते ते दाण्याच्या कुटातून, तेव्हा कूट घालताना हात आखडता घेऊ नये आणि सोबत दही घ्यावे.

७. न्याहारीपासून सुरुवात करा

तूट भरून काढण्यासाठी सर्वांत सोपी जागा सकाळची आहे, कारण पोहे, उपमा, साबुदाणा आणि चहा-बिस्किटे या आपल्या नेहमीच्या न्याहारीत प्रथिने थोडी असतात आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते. मी आठवड्यातून दोन दिवस मुगाची धिरडी करते: माणशी ५० ग्रॅम हिरवे मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी आले-मिरची-जिऱ्यासह वाटायचे आणि तव्यावर दोन धिरडी घालायची. सोबत अर्धी वाटी दही घेतले की न्याहारीतच १३-१४ ग्रॅम प्रथिने होतात. पोहे खायचेच असतील तर त्यांत मूठभर शेंगदाणे आणि वाफवलेली मटकी घालावी.

बदलानंतरचा माझा एक दिवस तुलनेसाठी देते. न्याहारीला धिरडी आणि दही, १४ ग्रॅम. अकरा वाजता २५ ग्रॅम फुटाणे, ५ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, ४० ग्रॅम मटकीची उसळ, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही, मिळून २५ ग्रॅम. चहातले दूध ३ ग्रॅम. रात्री भात, ३० ग्रॅम तूरडाळीची आमटी आणि एक पोळी, १३ ग्रॅम. एकूण ६० ग्रॅम. यात विकत आणलेला एकही विशेष पदार्थ नाही, पनीरही नाही. प्रथिने अशी दिवसभरात विभागून घ्यावीत. दिवसभर चहा-बिस्किटांवर काढून रात्री एकदम ताटभर उसळ खाल्ली तर पोटही बिघडते आणि शरीराला उपयोगही कमी होतो.

८. पोटाला वेळ द्या

पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे पोट फुगते, आणि “मला डाळी सोसत नाहीत” असे म्हणून पुष्कळ माणसे येथेच थांबतात. कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. आतड्यांना सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून आरंभ सालीविना मूगडाळ आणि मसूरडाळ यांपासून करावा, दर आठवड्याला प्रमाण थोडे वाढवावे, आणि हरभरे, राजमा, वाटाणे शेवटी आणावेत. कडधान्य आठ ते दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, शिजवताना ताजे पाणी घ्यावे, आणि फोडणीत हिंग, ओवा, जिरे घालावे.

मोड आणल्याने प्रथिने वाढतात, हा गैरसमज आहे. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढते, लोह आणि जस्त अडवून ठेवणारे फायटिक आम्ल कमी होते आणि कडधान्य पचायला हलके होते. तेवढ्यासाठी मोड जरूर आणावेत. मात्र मोड आणताना असलेला ओलावा आणि ऊब जिवाणूंनाही मानवते, म्हणून मोड कच्चे न खाता किमान वाफवून घ्यावेत. राजमा अर्धवट शिजलेला कधीही खाऊ नये. त्यातल्या एका विषारी घटकामुळे उलट्या आणि जुलाब होतात, आणि तो भरपूर उकळल्यानेच निकामी होतो. कुकरमध्ये दाणा बोटाने सहज चिरडेल इतका शिजवावा. सोयाबीनही पूर्ण शिजवूनच खावे.

९. नेहमीच्या फसगती

पाच बदाम. रोज पाच बदाम खाल्ले की प्रथिनांची काळजी नाही, असे मानणारी घरे मी पाहिली आहेत. पाच बदामांतून सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. तेवढ्याच पैशांत शेंगदाणे आणि फुटाणे कितीतरी अधिक देतात.

नारळ. कोकणातला स्वयंपाक नारळावर उभा आहे, पण ओल्या खोबऱ्यात स्निग्धांश भरपूर आणि प्रथिने १०० ग्रॅमला ४ ग्रॅमच्या आसपास असतात. जेवणाबरोबर सोलकढीऐवजी कधीकधी ताक घ्यावे.

रोजचे पनीर. पनीरमध्ये प्रथिने चांगली असतात, पण स्निग्धांशही जवळपास तेवढाच किंवा अधिक असतो, आणि रोज पनीर खाल्ले की कडधान्ये ताटातून हळूहळू निघून जातात. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. म्हशीच्या १ लिटर दुधापासून साधारण २०० ग्रॅम पनीर घरी होते. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवावी. विकत घेताना वेष्टनावरचा मजकूर वाचावा, कारण वनस्पती तेल घालून केलेले पनीरसदृश पदार्थही बाजारात असतात.

श्रीखंड आणि गोड दही. चक्क्यात प्रथिने असतात, पण श्रीखंडात जवळपास चक्क्याइतकीच साखर पडते. तो सणाचाच पदार्थ राहू द्यावा.

“हाय प्रोटीन” असे छापलेली बिस्किटे आणि चिक्क्या. पुढची मोठी अक्षरे न वाचता मागच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे प्रथिने किती आणि साखर किती, हे पाहावे. साधी घरगुती शेंगदाण्याची चिक्की त्यांच्यापेक्षा फारशी मागे नसते.

डब्यातली प्रथिनांची भुकटी. निरोगी माणसाला तिची गरज पडत नाही, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या घेण्याचे टाळावे असेच सांगितले आहे. आजारपणात किंवा उतारवयात अन्न जात नसेल आणि डॉक्टरांनी लिहून दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

सोयाबीनविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनखाली प्रचंड क्षेत्र आहे, तरी ते जवळजवळ सगळे तेलासाठी जाते आणि पिकवणाऱ्यांच्याही ताटात क्वचित येते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तेल काढल्यानंतर उरलेल्या पिठापासून सोयाच्या वड्या करतात. त्या कोमट पाण्यात भिजवून, दोन वेळा घट्ट पिळून, मसालेदार रश्श्यात घातल्या की त्यांचा उग्र वास जातो. दळणात १० किलो गव्हाला १ किलो भाजलेले सोयाबीन घालण्याचीही रीत आहे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाबीनचे पदार्थ त्यानंतर काही तासांनी खावेत, कारण सोयाबीनमुळे त्या औषधाचे शोषण कमी होऊ शकते.

१०. मासळीबरोबर गेलेल्या इतर गोष्टी

मासळी सुटली की ब-१२ चा मोठा स्रोत सुटतो, आणि ही उणीव कोणत्याही डाळीने भरून निघत नाही. दूध आणि दही यांतून ते थोडे मिळते. इडली, ढोकळा अशा आंबवलेल्या पदार्थांतून किंवा स्पिरुलिना नावाच्या शेवाळातून पुरेसे ब-१२ मिळते असे सांगितले जाते, त्यावर विसंबू नये. शरीरातला साठा सहसा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा कळते, आणि तोवर हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू झालेला असतो. तपासणीत आकडा कमी आला तर डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे आणि त्यात मुळीच कमीपणा मानू नये. माझी गोळी आजही चालू आहे.

वनस्पतींमधले लोह शोषले जाण्यासाठी क जीवनसत्त्वाची सोबत लागते: उसळीवर लिंबू पिळावे, जेवणात आवळा किंवा पेरू ठेवावा. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा घेऊ नये, कारण त्यातली टॅनिन लोहाला अडवतात. आपल्याकडच्या चहाच्या सवयी पाहता सर्वांत जड जाणारी सूचना हीच असेल. माशांतून मिळणाऱ्या ओमेगा-३ या स्निग्ध आम्लांऐवजी जवसाची चटणी रोज दोन चमचे खावी. जवस भाजून कुटूनच खावे, अख्खे खाल्ले तर ते न पचता तसेच निघून जाते.

११. हा बदल कोणी विचारून करावा

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वर दिलेले एकही प्रमाण स्वतःहून पाळू नये. त्यांच्यासाठी प्रथिनांची मर्यादा डॉक्टरच ठरवतात. गरोदर आणि स्तनदा माता, वाढीच्या वयातली मुले, कर्करोगाचे किंवा क्षयाचे उपचार घेणारे रुग्ण यांनीही आधी सल्ला घ्यावा. मधुमेहींना डाळी आणि उसळी सहसा मानवतात, पण भात-पोळी कमी करून उसळ वाढवली तर औषधाची मात्रा बदलावी लागू शकते, म्हणून डॉक्टरांना कळवून ठेवावे. सत्तरीच्या पुढच्या माणसांची भूक कमी होते आणि दातही साथ देत नाहीत; त्यांच्यासाठी मूगडाळीची मऊ खिचडी, मेतकूट-भात, धिरडी, पातळ केलेल्या दह्यातले थालीपीठ असे मऊ पण डाळ भरपूर असलेले पदार्थ करावेत.

१२. आठवड्याचे भिजवणे ठरवून टाका

कडधान्याचा आहार उत्साहाच्या जोरावर फार दिवस चालत नाही, कारण संध्याकाळी सात वाजता घरी आल्यावर भिजवलेले काही नसेल तर बटाट्याची भाजीच होते. म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद लावावा. माझ्या कागदावर असे आहे: शनिवारी रात्री काळे वाटाणे, रविवारी रात्री मूग, सोमवारी रात्री मटकी, बुधवारी रात्री चवळी, गुरुवारी रात्री पुन्हा मूग. मंगळवार आणि शुक्रवार डाळीचे किंवा पिठल्याचे, त्यासाठी काही भिजवावे लागत नाही. मोड आलेली मटकी डब्यात घालून फ्रीजमध्ये तीन दिवस चांगली राहते. पावसाळ्यात मोड रात्रभरात येतात, पुण्याच्या थंडीत दीड दिवस लागतो, तेव्हा डिसेंबरमध्ये मटकी एक दिवस आधी भिजत घालावी. आणि काहीच भिजवलेले नसेल अशा दिवसासाठी घरात बेसन, मसूरडाळ, फुटाणे आणि सोयाच्या वड्या या चार गोष्टी संपू देऊ नयेत.

तीन महिन्यांनी पुन्हा चार दिवसांची नोंद करावी, वजन पाहावे आणि हिमोग्लोबिन व ब-१२ तपासून घ्यावे. पहिल्या अहवालाशेजारी दुसरा ठेवून दोन्ही डॉक्टरांना दाखवावेत, आणि वहीही सोबत न्यावी; नुसत्या अहवालावरून जे कळत नाही, ते पुष्कळदा वहीच्या एखाद्या पानावर लिहिलेले असते.